हायब्रिड गाडी खरंच किती अ‍ॅव्हरेज देते? गोव्याच्या रस्त्यांवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा ते पणजी आणि परत, आठवड्यातले सहा दिवस, असा माझा दोन वर्षांचा हायब्रिड गाडीचा, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेल्या गाडीचा, प्रवास आहे. नोकरी हिशेबाची, त्यामुळे पहिल्या टाकीपासून वही ठेवली. ती वही डॅशबोर्डच्या कप्प्यात असते, आणि गाडीत बसणारा प्रत्येक नातेवाईक ती उघडून पाहतो आणि मग प्रश्न विचारतो. लग्नाच्या मांडवात विचारतात, चवथीला आरती झाल्यावर विचारतात. बहुतेकांच्या मनात एकच शंका असते: हे लिटरला २७-२८ किलोमीटरचे आकडे खरे की नुसती जाहिरात? शंका रास्त आहे. तिला गुळमुळीत उत्तर देणं मला पटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कंपनी २७.९७ सांगते. प्रत्यक्षात मिळतात किती?

टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा या २०२२ साली आलेल्या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिड (जिची मोटर एकटीही गाडी चालवू शकते अशा) मॉडेलचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. होंडा सिटी हायब्रिड त्याच वर्षी २६.५ चा आकडा घेऊन आली. इनोव्हा हायक्रॉस मोठी आणि जड, तिचा जाहीर आकडा २३.२४.

माझ्या वहीत दोन वर्षांचा एकूण हिशेब लिटरला २१ च्या जरा वर येतो. सगळा प्रवास एसी लावून. सर्वांत चांगली टाकी डिसेंबरातली, २४ ची. सर्वांत वाईट टाकी १७ ची, त्या महिन्यात आई आजारी होती आणि गाडी घर, फार्मसी, इस्पितळ अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांतच फिरली. हे एका गाडीचे, एका चालकाचे आणि एका रस्त्याचे आकडे आहेत. तुमचे वेगळे येतील, पण २८ येतील या भरवशावर गाडी घेऊ नका.

म्हणजे कंपनी खोटं बोलते?

नाही. आकडा खरा आहे, पण ज्या चाचणीत तो मिळतो ती चाचणी आपल्या रस्त्यासारखी नाही.

भारतात हा आकडा एआरएआयसारख्या, गाड्या तपासणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीतून येतो. एआरएआय पुण्याला आहे. गाडी रस्त्यावर नेतच नाहीत. प्रयोगशाळेत मोठ्या रोलरवर चाकं ठेवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवतात, कमी करतात, थांबतात. पूर्ण चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी. त्यात गाडी साधारण साडेदहा किलोमीटर 'धावते'. पहिला दोन-तृतीयांश वेळ शहरातल्या वेगाचा, जास्तीत जास्त ५० चा, आणि मध्ये मध्ये थांबे. उरलेला भाग मोकळ्या रस्त्याचा, तोही ९० च्या वर जात नाही. वेग वाढवण्याची गती इतकी हळू आहे की त्या गतीने तुम्ही मेरशीच्या सर्कलवर शिरलात तर मागचा बसवाला हॉर्नवरचा हात काढणार नाही. आणि मुख्य गोष्ट म्हणजे एसी बंद असतो.

कुंडईचा चढ त्यात नाही. खड्डे नाहीत, मागच्या सीटवर तीन माणसं नाहीत, डिकीत नारळाचं पोतं नाही. मे महिन्यात दुपारी उन्हात तापलेली गाडी थंड करणंही नाही. हा आकडा दोन गाड्यांची एकाच पट्टीने तुलना करण्यासाठी आहे, आणि त्या कामाला तो चांगला आहे. पेट्रोलचं बजेट त्यावरून मांडता येत नाही.

साध्या पेट्रोल गाडीचा आकडाही असाच फुगलेला असतो. मग हायब्रिडची घसरण एवढी मोठी का दिसते?

माझ्या मते या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्यामुळे थोडा वेळ देऊन वाचा.

एक कारण चाचणीतच आहे. हळू वेग, सौम्य पिकअप, भरपूर थांबे, हे हायब्रिडचं घरचं अंगण. इंजिन बराच वेळ बंदच राहतं. त्यामुळे चाचणीत साध्या गाडीपेक्षा हायब्रिडला जास्त फायदा मिळतो.

दुसरं कारण गणिताचं आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. समजा एसीने सरासरी एक किलोवॅट वीज घेतली. ती वीज शेवटी इंजिनानेच तयार करायची, त्याला तासाला अंदाजे ३५० मिलिलिटर पेट्रोल लागतं. आता तासाभरात ३० किलोमीटर जाणाऱ्या दोन गाड्या घ्या. २८ चं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या हायब्रिडला एसीशिवाय १.०७ लिटर लागतात. त्यात एसीचे ०.३५ मिळवा, १.४२ लिटर झाले, म्हणजे अ‍ॅव्हरेज २१. दुसरी गाडी १४ ची, तिला २.१४ लिटर लागतात. तेवढाच एसी तिलाही लावा, २.४९ लिटर झाले, अ‍ॅव्हरेज १२.

दोघींनी एसीवर तेवढंच पेट्रोल जाळलं. पण एकीचा आकडा सातने पडला आणि दुसरीचा दोनने. जी मुळात कमी खाते तिच्या ताटातला एक जास्तीचा घास लगेच डोळ्यांत भरतो. हायब्रिडवाले एवढी तक्रार का करतात आणि साध्या गाडीवाले का करत नाहीत, याचं बरंचसं उत्तर या हिशेबात आहे.

मला २८ सांगून विकली आणि २१ मिळतात. ही फसवणूक नाही का?

राग मला कळतो. मी गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या मुलाने कोटेशनच्या कोपऱ्यात पेनने '२८ पक्के' असं लिहून वर दोनदा गोल केला होता. तो कागद अजून माझ्याकडे आहे. 'पक्के' लिहायचा अधिकार त्याला नव्हता आणि कुणालाच नाही. चाचणीचा आकडा सांगा, पण सोबत 'एसी लावून, तुमच्या रस्त्यावर, याहून कमी' हे वाक्य जोडा, एवढी साधी अपेक्षा आहे. ती पूर्ण होत नाही म्हणून लोकांचा सगळ्या हायब्रिडवरचाच विश्वास उडतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यंत्र चांगलं आहे.

पण रागाच्या भरात हिशेब चुकू नये. वर्षाला १२,००० किलोमीटर धरा. १३ च्या अ‍ॅव्हरेजला ९२३ लिटर लागतात, २१ ला ५७१ आणि २८ ला ४२९. म्हणजे १३ वरून २१ वर आलात तेव्हा ३५२ लिटर वाचले. २१ वरून २८ वर गेला असतात तर आणखी १४२ लिटर वाचले असते. जे सात हातचे गेले ते दिसायला मोठे आहेत. पण फायद्याचा मोठा हिस्सा तोपर्यंत तुमच्या पदरात पडलेला असतो.

माझ्या गाडीवर हायब्रिडचा बॅज आहे, तरी अ‍ॅव्हरेज साध्या गाडीएवढंच. असं का?

ती बहुधा माइल्ड हायब्रिड आहे. तिच्यात छोटी मोटर असते, ती इंजिनाला थोडा हात देते आणि सिग्नलला इंजिन बंद-चालू करते. ती मोटर एकटीने गाडी ओढत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर एकटी गाडी चालवू शकते. ग्रँड विटारातच बघा: माइल्ड हायब्रिड मॅन्युअलचा जाहीर आकडा २१.११ आणि स्ट्राँगचा २७.९७. नाव एकच, शोरूम एकच, यंत्र मात्र निराळं.

ओळखायची खूण सोपी आहे. पार्किंगमधून गाडी काढताना इंजिन न लागता चाकं फिरली तर स्ट्राँग. फिरली नाहीत तर बॅज कितीही मोठा असू दे.

आपल्याकडे हा गोंधळ जुना आहे. २०१५ मध्ये इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना सवलत देणारी केंद्राची फेम योजना आली तेव्हा माइल्ड हायब्रिड डिझेल गाड्यांनाही सरकारी सवलत मिळत होती आणि त्या गाड्या हायब्रिड म्हणून धडाक्याने विकल्या गेल्या. एप्रिल २०१७ पासून ती सवलत काढून घेतली. पण 'हायब्रिड घेतली, काही फरक पडला नाही' हे वाक्य गावागावांत राहिलं ते राहिलंच.

गाडीच्या स्क्रीनवर २४ दिसतात. तेच धरायचे ना?

नाही. स्क्रीन अंदाज बांधतो, आणि तो बहुतेक वेळा आशावादी असतो. माझ्या गाडीत स्क्रीन आणि वही यांच्यात दीड ते दोनाचा फरक सातत्याने येतो.

खरं मोजायचं तर टाकी ते टाकी. पंपावर गेलात की नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबायला सांगा. वरून टिचक्या मारून भरायचं नाही. ओडोमीटर लिहा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, शक्य तर त्याच नोझलने, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. मधले किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर. एका टाकीवर निकाल देऊ नका, किमान तीन-चार टाक्यांची बेरीज घ्या.

माझ्या पहिल्याच टाकीचं उत्तर १८.४ आलं होतं. रात्री झोप लागली नाही, एवढे पैसे घालून हे काय मिळालं म्हणून. नंतर लक्षात आलं की शोरूममधून निघताना पंपावर पहिल्या कटला थांबले होते. दुसऱ्यांदा मात्र पंपावरच्या मुलाने 'ताई, फुल्ल करू?' म्हणून गळ्यापर्यंत भरलं. ते तीन-साडेतीन लिटर टाकीतच होते, जळले नव्हते. पुढच्या दोन टाक्या मिळवल्यावर आकडा जागेवर आला. पावती जपून ठेवण्यापेक्षा लगेच वहीत उतरवा. आपल्या उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेल्या पावतीवरची अक्षरं महिन्याभरात पुसली जातात.

ट्रॅफिकमध्ये हायब्रिड जास्त अ‍ॅव्हरेज देते म्हणतात. हे उलटं नाही का?

उलटं वाटतं, पण खरं आहे. पर्वरीच्या उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून म्हापशाला जायचं म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे. त्या रांगेत साधी गाडी जागेवर उभी राहून, एसी लावून, तासाला पाऊण-एक लिटर पेट्रोल जाळते. हायब्रिडचं इंजिन बंद असतं. मी त्या रांगेत काच खाली केली की शेजारच्या टेम्पोचं घरघरणं ऐकू येतं आणि माझ्या गाडीत फक्त एसीच्या पंख्याचा आवाज. दोन गाड्यांएवढं पुढे सरकायचं तर मोटर सरकवते. ब्रेक लावला की थोडी वीज परत बॅटरीत जाते.

हे किती वेळ चालतं? इथे मर्यादा समजून घ्या. हायरायडर-विटारा वर्गातल्या गाडीची बॅटरी एका युनिटपेक्षा लहान असते, पाऊण युनिटच्या आसपास. घराच्या मीटरवरचं जे युनिट तेच हे. त्यातलीही सगळी वीज वापरू देत नाहीत. एसी चालू ठेवून उभं राहिलं की पंधरा-वीस मिनिटांत स्क्रीनवरच्या पट्ट्या कमी होत होत दोनवर येतात, मग गाडी हलकेच थरथरते आणि इंजिन सुरू होतं. काही मिनिटं बॅटरी भरतं, परत बंद होतं. हे बिघाड म्हणून गॅरेजला नेऊ नका. रांग तासाभराची असेल तर अ‍ॅव्हरेज पडणारच, कारण किलोमीटर होतच नाहीत. पण शेजारच्या गाडीचं त्याहून जास्त पडतं.

आणि हायवेला?

तिथे फायदा कमी होतो. मोकळ्या हायवेवर ब्रेक नाही, थांबा नाही, मग परत मिळवायला वीजच नाही. इंजिन बहुतेक वेळ चालू. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो, आणि हवेला गाडी हायब्रिड आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. धारगळच्या पुढे किंवा काणकोणच्या बायपासवर १०० ने जाताना माझा आकडा १८-१९ वर उतरतो, ८० ला ठेवला तर २२ च्या आसपास.

तरी पूर्ण शून्य होत नाही. या गाड्यांची इंजिनं अ‍ॅटकिन्सन सायकलवर चालतात. त्यात पिकअप थोडा सोडून पेट्रोलची उष्णता जास्त कामाला लावलेली असते. पिकअपची उणीव मोटर भरून काढते. पण तुमचं बरंच रनिंग महिन्यातून दोनदा मुंबई असं असेल, तर हायब्रिडसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी दोनदा विचार करा.

घाटात? चोर्ला, अनमोड, आंबोली?

चढताना कोणतीही गाडी पेट्रोल पिते, हीसुद्धा. खरा प्रश्न उतरताना किती परत मिळतं हा आहे. लोकांना वाटतं, चढताना गेलं ते उतरताना सगळं वसूल.

हिशेब करू. १५०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली तर तिच्याकडून साधारण दोन युनिट ऊर्जा मिळू शकते. बॅटरी पाऊण युनिटची, त्यातही आधीच थोडी भरलेली. अनमोडचा घाट अर्धा उतरेपर्यंत माझी बॅटरी गच्च भरते. त्यानंतर गाडी पेट्रोल न जाळता इंजिन नुसतं फिरवून वेग अडवते. त्याचा आवाज मोठा येतो, पहिल्यांदा मी घाबरले होते. घाबरायचं कारण नाही. पण ती ऊर्जा वाया जाते. गाडीत बी मोड (गिअरवरचा 'बी', जो उतारावर गाडीचा वेग अडवतो) असेल तर उतारावर जरूर वापरा, ब्रेक तापत नाहीत.

घाटापेक्षा फर्मागुडी किंवा कुंडईसारखे लहान चढ-उतार हायब्रिडला जास्त मानवतात. उतारावर जमलेलं सगळं बॅटरीत मावतं आणि पुढच्या चढाला लगेच खर्च होतं. माझ्या रोजच्या रस्त्यावर आकडा बरा येतो त्याचं हेच कारण, असं माझं मत आहे.

पावसाळ्यात अ‍ॅव्हरेज का पडतं?

ओल्या रस्त्यावर टायर पाणी कापत जातो, वायपर, दिवे, काचेवरची वाफ घालवायला एसी, आणि रांगा. माझा जुलैचा आकडा डिसेंबरपेक्षा तीनने कमी असतो. दर पंधरा दिवसांनी टायरमधली हवा मात्र तपासा, ते आपल्या हातात आहे.

घरापासून बाजार दोनच किलोमीटर. तेवढ्यासाठी हायब्रिड चांगली ना?

उलट, ही तिची सर्वांत कच्ची बाजू. गाडी सुरू केल्यावर थोड्या वेळात इंजिन लागतंच, कारण ते आणि धुराच्या नळीतला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम व्हावा लागतो. बॅटरी भरलेली असली तरी. गरम झालं की बाजार आलेला असतो. एसीसुद्धा त्या पहिल्या दहा मिनिटांतच सर्वांत जास्त खेचतो. आपल्याकडे थंडी नाही, त्यामुळे थंड देशांतल्यापेक्षा हे लवकर आटोपतं, एवढं सुख. इस्पितळाच्या फेऱ्यांच्या महिन्यात १७ आले ते यामुळेच. चार कामं एका फेरीत करा, एवढाच उपाय.

ई-२० पेट्रोलमुळे हायब्रिडचं जास्त नुकसान होतं का?

ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. टक्क्यांत बघितलं तर नुकसान सारखंच. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून वीस टक्के मिसळलं की मिश्रणाची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, ई-१० वर चालतील अशा पण मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असं म्हटलं होतं. ई-२० साठीच जुळवलेल्या इंजिनात तोटा कमी. पण ज्याचा आकडा २२ आहे त्याचे सहा टक्के म्हणजे सव्वा, आणि १२ वाल्याचे पाऊण. इथेही वरच्यासारखंच, हायब्रिडवाल्याला घसरण जास्त दिसते.

ही शंका फक्त आपल्याकडेच आहे का?

अजिबात नाही. टोयोटा प्रियस जपानमध्ये १९९७ साली आली, आणि ती अमेरिकेत पसरली तशी तिथेही हीच तक्रार सुरू झाली. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००८ च्या मॉडेलपासून आकडा काढायची पद्धतच बदलली, एसी, जास्त वेग आणि थंडी यांचा हिशेब त्यात घेतला. तेव्हा प्रियसचा लेबलवरचा आकडा गॅलनला ५५ मैलांवरून ४६ वर आला. आपल्या भाषेत लिटरला २३.४ वरून १९.६. गाडी तीच होती, फक्त मोजमाप खऱ्याच्या जवळ आलं. २०१३ मध्ये फोर्डने सी-मॅक्स हायब्रिडचा आकडा ४७ वरून ४३ मैलांवर आणला.

युरोपातला निष्कर्ष आणखी बोलका आहे. तिथे गाड्यांच्या आतल्या नोंदी गोळा करून युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये अहवाल दिला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्या रस्त्यावर चाचणीपेक्षा सुमारे वीस टक्के जास्त इंधन घेतात, पण प्लगला लावून चार्ज करायच्या हायब्रिडचा कार्बन डायऑक्साइड चाचणीच्या साडेतीन पट निघाला. लोक त्या गाड्या घेतात आणि चाचणीत धरलं होतं तेवढ्या वेळा प्लगला लावत नाहीत. आपल्याकडे ज्या हायब्रिड खपतात त्या प्लगच्या नाहीत, त्यामुळे ती साडेतीन पट आपल्याला लावू नका. व्हिडिओवाले सर्रास लावतात.

बॅटरी जुनी झाली की अ‍ॅव्हरेज कोसळतं का?

हळूहळू थोडं कमी होऊ शकतं. टोयोटा, मारुती आणि होंडा इथे हायब्रिड बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोवर वॉरंटी देतात. तुमच्या हातात एक गोष्ट आहे. बऱ्याच गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. त्या जाळीवर पिशव्या, चादरी, छत्र्या टाकू नका, आणि सर्व्हिसिंगला तिथला फिल्टर साफ केला का ते विचारा. आमच्या जाळीत एकदा समुद्रावरची वाळू आणि मुलाच्या चिप्सचा चुरा निघाला.

मी जहाजावर असतो, गाडी सहा-सहा महिने बंद असते.

मग अ‍ॅव्हरेजची चिंता नंतर. या गाड्यांत मोठ्या बॅटरीशिवाय एक साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते, आणि ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी उठत नाही. घरच्यांना सांगून ठेवा, आठवड्यातून एकदा गाडी रेडी मोडमध्ये (ब्रेक दाबून बटण दाबल्यावर स्क्रीनवर 'रेडी' दिसतं तो) अर्धा तास चालू ठेवायची. नुसतं बटण दाबून रेडिओ लावला तर ती बॅटरी भरत नाही, उलट बसते.

जास्तीचे पैसे किती वर्षांत वसूल होतात?

साध्या ऑटोमॅटिकपेक्षा अडीच लाख जास्त मोजले असं समजू आणि पेट्रोल सोयीसाठी शंभर रुपये लिटर धरू. १३ विरुद्ध २१ च्या अ‍ॅव्हरेजने, वर्षाला १२,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे ३५ हजार वाचतात, म्हणजे सात वर्षं. २०,००० चालवणाऱ्याला सव्वाचार वर्षं. ६,००० वाल्याला चौदा, म्हणजे वसूल होणारच नाही असं समजा.

लक्षात घ्या, मी हिशेब २१ ने केला, २८ ने नाही. शोरूमवाला २८ ने करून दाखवील. त्याच्यासमोरच फोनवर २० टाकून परत करा. पटलं तर घ्या.

कर हा वेगळा दुखरा मुद्दा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरहून लांब हायब्रिडवर ४० टक्के जीएसटी आहे, पूर्वी सेस धरून ४३ होता. एवढं पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीला मोठ्या पेट्रोल गाडीच्या रांगेत उभं करणं मला पटत नाही.

मग सरळ ईव्हीच का घेऊ नये?

घरी स्वतःचं पार्किंग आणि प्लग असेल, तर गोव्यात ईव्हीचा विचार हायब्रिडच्या आधी करा. राज्य लहान आहे, पेडण्याहून काणकोणला जाऊन परत येणं आजच्या बहुतेक ईव्हींना एका चार्जमध्ये जमतं. जीएसटी पाच टक्के. मी दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते, खाली प्लग द्यायला सोसायटी तयार नाही, म्हणून हायब्रिड घेतली. स्वतःचं अंगण असतं तर कदाचित घेतली नसती.

अ‍ॅव्हरेज वाढवायला चालवायची कशी?

इंजिन लागू नये म्हणून गाडी रांगत नेऊ नका. स्क्रीनवर हिरवं 'ईव्ही' दिसलं की लोकांना तेच टिकवायचा नाद लागतो. पण या गाडीतली सगळी वीज शेवटी तुम्ही पंपावर भरलेल्या पेट्रोलमधूनच आलेली असते. पेट्रोलची वीज, विजेचं बॅटरीत साठवण, परत विजेची गती, दर टप्प्यावर थोडं सांडतं. त्यापेक्षा निश्चिंतपणे वेग पकडा, ६० झाले की पाय हलका करा, गाडी आपणहून मोटरवर जाईल.

खरा फायदा ब्रेकमध्ये आहे. बाणस्तारीच्या पुलाच्या पुढे गाड्या थबकलेल्या दुरून दिसतात. तेव्हाच पाय उचलून लांबून, हलका ब्रेक लावला तर बहुतेक ऊर्जा बॅटरीत जाते. शेवटच्या क्षणी जोरात दाबला तर साधे ब्रेक लागतात आणि ती ऊर्जा तापून जाते. ही एक सवय लागल्यावर माझा आकडा दीडने वाढला, आणि ब्रेक पॅडही अजून पहिलेच आहेत.

टेस्ट ड्राइव्हला काय बघू?

शोरूमच्या मागच्या गल्लीतली दहा मिनिटांची फेरी घेऊन परत येऊ नका. तुमचा रोजचा रस्ता, तुमची रोजची वेळ मागा. मी दोन शोरूमना विचारलं, एकाने नाही म्हटलं, दुसऱ्याने सकाळी साडेआठला गाडी दिली. बसल्यावर ट्रिप मीटर शून्य करा, एसी २४ वर ठेवा, घरातली अजून दोन माणसं बसवा. सेल्समनला बोलू द्या, पण रेडिओ बंद ठेवा, म्हणजे इंजिन कधी लागतं ते कानाला कळेल. परतल्यावर स्क्रीनवरच्या आकड्याचा फोटो काढा आणि त्यातून दोन वजा करा.